हद्द ओलांडा, पण जकात भरून

६ एप्रिल १९२२. पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञान मंडळाच्या बैठकीला आइनस्टाईन आले होते. विषय होता त्यांचा सापेक्षता सिद्धांत, म्हणजे सगळ्यांची घड्याळं एकाच चालीने चालत नाहीत असं सांगणारा. श्रोत्यांत तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ बसले होते. आज बर्गसाँचं नाव तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसं कुणी घेत नाही, पण त्या काळी पॅरिसमध्ये त्यांच्या व्याख्यानाला उभं राहायलाही जागा मिळत नसे. आपण फक्त ऐकायला आलो आहोत, असं ते म्हणाले. मग आग्रह झाला आणि ते अर्धा तास बोलले. त्यांचा मुद्दा असा : घड्याळाने मोजलेला काळ हा खऱ्या काळाचा सांगाडा आहे. खरा काळ जगला जातो, साठत जातो, त्याचे सारखे तुकडे पाडता येत नाहीत. घड्याळाला किंमत येते तीसुद्धा कुणीतरी कशाची तरी वाट पाहत असतं म्हणून. आइनस्टाईन यांनी मोजक्या वाक्यांत उत्तर दिलं. एक भौतिकशास्त्राचा काळ आहे, एक माणसाच्या मनाला वाटणारा काळ आहे. तत्त्वज्ञांचा असा तिसरा काळ अस्तित्वातच नाही.

या चकमकीचे पडसाद लांबवर गेले. त्याच वर्षी डिसेंबरात आइनस्टाईन यांना १९२१ सालचं मागे राहिलेलं नोबेल दिलं गेलं, ते प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी; सापेक्षतेसाठी नाही. स्टॉकहोमच्या समारंभात परिचय करून देताना नोबेल समितीतले अऱ्हेनियस यांनी पॅरिसच्या बर्गसाँनी या सिद्धांतावर आक्षेप घेतल्याचा आवर्जून उल्लेख केला. सापेक्षता ही मुख्यतः ज्ञानमीमांसेची, म्हणजे ज्ञान कसं होतं याचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाची बाब आहे, असाच त्यांचा सूर होता. म्हणजे विज्ञान कुठे संपतं आणि तत्त्वज्ञान कुठे सुरू होतं, हा प्रश्न त्या काळी नोबेलच्या मंचावरही सुटलेला नव्हता.

शंभर वर्षांनी मागे वळून पाहिलं की निकाल सोपा वाटतो. बर्गसाँ हरले, आइनस्टाईन जिंकले. मला तो निकाल अर्धाच पटतो, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी बर्गसाँ कुठे चुकले ते पाहू, कारण ते चुकलेच. लांजव्हॅ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९११ मध्ये एक उदाहरण दिलं होतं. एक प्रवासी प्रचंड वेगाने अंतराळात जातो आणि त्याच्या हिशेबाने दोन वर्षांनी परत येतो. इथे पृथ्वीवर मात्र दोनशे वर्षं उलटलेली असतात. बर्गसाँना हे मान्य नव्हतं. प्रवासी परत आला की दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवतील, हे निरनिराळे काळ केवळ कागदावरच्या गणितात आहेत, असं त्यांनी लिहून ठेवलं. आता हे विधान घड्याळाच्या काट्याबद्दलचं आहे. ते जगण्याच्या अनुभवाबद्दलचं नाही. काट्याबद्दल बोलायचं तर काटा पाहावा लागतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफले आणि कीटिंग यांनी सिझियमची अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. गणिताने जवळपास तेवढाच फरक आधी सांगितला होता. तुमच्या दारात जेवणाचा डबा घेऊन येणारा पोरगा फोनवरच्या ज्या नकाशावर विसंबून असतो, त्याच्यामागच्या उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ती चूक दुरुस्त केली नाही तर एका दिवसात दहाएक किलोमीटरचा घोटाळा होईल.

थोडक्यात, बर्गसाँ तत्त्वज्ञानाच्या गावातून निघाले आणि न सांगता भौतिकशास्त्राच्या हद्दीत शिरले. पण आइनस्टाईन यांनी तरी काय केलं? तत्त्वज्ञांचा काळ अस्तित्वातच नाही, हे कोणत्या प्रयोगातून निघालं? सापेक्षतेचं कोणतंही समीकरण घ्या, त्यात घड्याळांची वाचनं असतात. जे घड्याळात सापडत नाही ते नाहीच, असं कुठलंही समीकरण म्हणत नाही. ते वाक्य तत्त्वज्ञानाचंच होतं, फक्त अंगात प्रयोगशाळेचा कोट होता. खुद्द आइनस्टाईन यांनाही ते उतारवयात पुरेसं वाटत नव्हतं. कार्नाप या तत्त्वज्ञाने त्यांच्याशी झालेल्या बोलण्याची आठवण लिहून ठेवली आहे. ‘आत्ता’ या गोष्टीचं काय करायचं, या प्रश्नाने आइनस्टाईन बेचैन होते. माणसाला ‘आत्ता’ काहीतरी वेगळं आहे असं जाणवतं, भूत आणि भविष्याहून अगदी निराळं. पण भौतिकशास्त्रात हा फरक येत नाही, येऊ शकत नाही, आणि हे स्वीकारणं त्यांना क्लेशदायक वाटत होतं. कार्नाप यांना यात काहीच अडचण दिसली नाही, हा आणखी एक गंमतीचा भाग. त्या दिवशी खोलीतला भौतिकशास्त्रज्ञ तत्त्वज्ञापेक्षा जास्त तत्त्वज्ञ होता.

मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाले. मुलुंडला किंवा दहिसरला ट्रकांच्या रांगेत अडकलेल्यांना त्यांची आठवण प्रेमाने येत नसेल, पण विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांच्यामध्ये मला नेमका तसाच नाका हवा आहे. भिंत नको. भिंत बांधणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत. माल इकडून तिकडे जाऊ दे, तिकडून इकडे येऊ दे, त्यातच दोन्ही गावांचा फायदा आहे. मात्र हद्द ओलांडताना जकात भरली पाहिजे. तत्त्वज्ञानातून विज्ञानात जाणाऱ्याने आधी सांगावं की काय दिसलं तर मी माघार घेईन. विज्ञानातून तत्त्वज्ञानात जाणाऱ्याने सांगावं की माझ्या उपकरणांची साक्ष इथे संपली. इथून पुढे माझा युक्तिवाद आहे, त्याला युक्तिवाद म्हणूनच तपासा. आपल्याकडचा सगळा गोंधळ चोरट्या वाहतुकीचा आहे.

मराठीत ही वाहतूक अधिक सोपी जाते, कारण आपल्या शब्दांवरच हद्दीच्या खुणा नाहीत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, पाकशास्त्र, धर्मशास्त्र, वास्तुशास्त्र, ज्योतिषशास्त्र : सगळ्यांना एकच शेपूट. कुठल्याही प्रथेचं कारण विचारलं की ‘शास्त्र असतं ते’ म्हणून हसण्यावारी न्यायची आता फॅशन झाली आहे, पण विनोदाच्या खाली खरी अडचण आहे. नियम सांगणारं ते शास्त्र आणि तपासून पाहणारं तेही शास्त्रच. ‘विज्ञान’ शब्दाची कथा तर त्याहून मजेची. गीतेच्या सातव्या अध्यायावरच्या शांकरभाष्यात विज्ञान म्हणजे स्वतःचा अनुभव. ज्ञानेश्वर त्याच ठिकाणी उलट बाजूने जातात : विचार जिथून आल्या पावली मागे फिरतो ते ज्ञान, बाकी प्रपंच ते विज्ञान, आणि त्या प्रपंचालाच सत्य मानणं ते अज्ञान. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आपण हाच शब्द उचलून प्रयोगशाळेच्या दारावर लावला. त्यामुळे कुणी व्यासपीठावरून ‘आपल्या ऋषींना विज्ञान ठाऊक होतं’ असं म्हटलं की ते वाक्य एका अर्थाने खरं आणि दुसऱ्या अर्थाने खोटं असतं. टाळी दुसऱ्या अर्थाला पडते.

जकात भरली गेली की काय होतं, त्याचं एक स्वच्छ उदाहरण पुण्यातच आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्या मिसळल्या आणि प्रत्येक सहभागी ज्योतिषाकडे त्यांपैकी ४० पाठवल्या. कुठली कुंडली कुणाची एवढंच सांगायचं होतं. २७ जणांची उत्तरं आली. बरोबर निघालेल्यांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या, त्यातल्या १०२ बरोबर आल्या. नाणं उडवून यापेक्षा फार वेगळं काही निघालं नसतं.

निकालानंतर जे सुरू झालं ते मला निकालापेक्षा बोलकं वाटतं. ‘नुसत्या कुंडलीवरून कसं सांगणार, अंतःस्फूर्ती लागते, साधना लागते’ असा सूर लागला. आदल्या दिवसापर्यंत जे गणिती शास्त्र होतं ते दुसऱ्या दिवशी अध्यात्म झालं. प्रतिष्ठा हवी तेव्हा विज्ञानाच्या गावात राहायचं आणि तपासणीचा माणूस आला की हद्दीपलीकडे झोपायला जायचं, अशी ही सोय आहे. यालाच मी चोरटी वाहतूक म्हणतो.

पण माझ्या बाजूच्या लोकांनाही, म्हणजे स्वतःला विवेकवादी म्हणवणाऱ्यांना, इथे थांबून एक गोष्ट कबूल करावी लागेल. या चाचणीने एक ठरावीक दावा पाडला. माणसाच्या आयुष्यात दैव, योगायोग, संकल्प यांचा अर्थ काय, यावर तिने काहीच सांगितलं नाही, आणि चाचणी घेणाऱ्यांनी तसा आवही आणला नव्हता. तो आव मागाहून इतर आणतात. ‘देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केलंय’ हे वाक्य मी इतक्या सभांमधून ऐकलं आहे की आता मला त्याचा सूरही पाठ झाला आहे. कुठल्या प्रयोगाने सिद्ध केलं? देव न मानण्याच्या बाजूने उत्तम युक्तिवाद आहेत, चार्वाकांपासून आहेत, मला ते पटतातही. पण ते युक्तिवाद आहेत. त्यांना प्रयोगाचा शिक्का मारणं म्हणजे बिनजकातीचा मालच झाला, मालक आपला असला तरी.

विश्वाच्या आरंभाचा वाद हा या सगळ्याचा सर्वात समृद्ध नमुना, आणि त्यात कोल्हापूरला जन्मलेला माणूस, म्हणजे नारळीकर, मध्यभागी होता. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी केंब्रिजमध्ये स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. त्याच्या मुळाशी, विशेषतः बाँडी आणि गोल्ड यांच्या मांडणीत, निरीक्षण नव्हतं, एक तात्त्विक आवड होती. विश्व सगळीकडे सारखं आहे असं आपण मानतो, मग ते सर्व काळी सारखं का नसावं? आरंभ नाही, शेवट नाही. विश्व प्रसरण पावतं आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत अगदी मंद गतीने नवं द्रव्य उपजत राहतं. सृष्टीच्या आरंभाबद्दल विचारणाऱ्या ऋग्वेदातल्या नासदीयसूक्ताच्या देशातल्या माणसाला हे ऐकायला परकं वाटणार नाही. या सिद्धांताचं मोठेपण मात्र त्याच्या रम्यतेत नव्हतं. विश्व सर्व काळी सारखं असेल तर दूरवरच्या, म्हणजेच फार जुन्या काळातल्या आकाशात रेडिओ-स्रोतांची दाटी आजच्यासारखीच दिसली पाहिजे, असं त्याच्याच पोटातून निघत होतं. स्वतःची मान त्याने स्वतःच सुरीखाली ठेवली होती. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी स्रोतांची मोजणी पुढे केली आणि ती विरोधात गेली. हॉयल यांचा तरुण विद्यार्थी म्हणून नारळीकर त्या मोजणीला उत्तर द्यायला उभे राहिले. १९६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांना सापडलेलं, सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं मंद प्रारण जाहीर झालं. विश्वाला आरंभ होता असं मानणाऱ्या महास्फोट सिद्धांताशी ते जुळत होतं, आणि बहुतेकांनी स्थिर स्थितीचा निरोप घेतला.

ज्या तत्त्वज्ञानाने जकात भरली ते हरलं. ते हरू शकलं हाच त्याचा मान. नारळीकर मात्र हरले नाहीत, म्हणजे त्यांनी हार मानली नाही. १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित, जवळजवळ स्थिर विश्वाचं प्रारूप मांडलं. महास्फोटावरचा त्यांचा आक्षेप मूलभूत होता : ज्या क्षणी भौतिकशास्त्राचे नियमच कोसळतात त्या क्षणापर्यंत तुम्ही समीकरणं मागे ताणता आणि त्याला विज्ञान म्हणता, ते कशाच्या आधारावर? हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. उत्तराबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूला नाही. त्या सूक्ष्मलहरींचा उलगडा करण्यासाठी त्यांच्या प्रारूपाला अवकाशात केसासारख्या बारीक लोखंडी सुया गृहीत धराव्या लागल्या. त्यांनी कसोट्याही दिल्या होत्या, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आज मानल्या जाणाऱ्या विश्वाच्या वयापेक्षा जुने तारे सापडणं ही त्यातली एक. तशी साक्ष पुढे आली नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर पुण्यात गेले तेव्हा आलेल्या बहुतेक लेखांनी त्यांच्या आयुष्याचा हा भाग हलक्या हाताने ओलांडला. मला तो झाकायचा भाग वाटत नाही. चुकीच्या बाजूला उभं राहूनही खेळाचे नियम पाळता येतात, हे त्यातच दिसतं.

दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं तेही पाहा. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी रोममधल्या आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं आणि प्रसरणशील विश्वाच्या शोधात त्यांना निर्मात्याची साक्ष दिसली. यावर सर्वात अस्वस्थ झाले ते जॉर्ज लमेत्र, ज्यांनी विश्व एका आदिअणूतून निघालं ही कल्पना १९३१ मध्ये मांडली होती. लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी उलट सांगितलं की आपला सिद्धांत कुठल्याही तात्त्विक वा धार्मिक प्रश्नाच्या पूर्ण बाहेर आहे. आस्तिकालाही तो मोकळीक देतो, जडवाद्यालाही. नासदीयसूक्तात महास्फोट आहे असं सांगणाऱ्यांनी लमेत्र यांचं चरित्र एकदा वाचावं, आणि त्याच सूक्ताची शेवटची ऋचाही. सृष्टी कुठून झाली हे परम आकाशात असलेल्या तिच्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, असं तिथे म्हटलं आहे. जो कवी एवढं म्हणायला धजावतो त्याच्या तोंडी सिद्धांत घालणं हा त्याचाच अपमान.

‘तत्त्वज्ञान मेलं’ असं स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये लिहिलं. त्यांच्या मते सत्यशोधनाची मशाल आता शास्त्रज्ञांच्या हाती आली आहे. हे लिहून पुढच्या काही पानांत त्यांनी वास्तव म्हणजे काय आणि प्रारूपापलीकडे वास्तव असतं का, यावर आपलं मत मांडलं, म्हणजे मेलेल्याच्या घरीच जेवण केलं. गंभीरपणे सांगायचं तर त्यांच्याच विषयाचा इतिहास त्यांच्या विरोधात साक्ष देतो. १९३५ मध्ये आइनस्टाईन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी विचारलं की पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांचं शास्त्र) वास्तवाचं पूर्ण वर्णन करते का. कणाचे गुणधर्म मोजण्याआधीच ठरलेले असतात आणि दूरच्या मोजमापाने ते तत्काळ बदलत नाहीत, अशी आइनस्टाईन यांची अपेक्षा होती. भौतिकशास्त्रज्ञ बोर यांनी पुंजयांत्रिकीच्या बाजूने उत्तर दिलं आणि पुढची तीस वर्षं बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञांनी हा वाद चहापानाच्या वेळचा समजून सोडून दिला. जॉन बेल जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणत्वरकांचं आणि कणभौतिकीचं काम करत; हा प्रश्न त्यांचा फावल्या वेळचा. १९६४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की आइनस्टाईन यांची अपेक्षा खरी असेल तर एका ठरावीक मोजमापाला एक ठरावीक मर्यादा ओलांडता येणार नाही. १९७२ मध्ये क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी, १९८२ मध्ये आस्पे यांनी मोजलं. मर्यादा ओलांडली गेली. २०२२ चं नोबेल क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना मिळालं. जी गोष्ट तरुण संशोधकाने हाती घेऊ नये, करिअर बुडेल, असा सल्ला दिला जायचा, तिच्यातून आज संदेश गुप्त ठेवण्याचं तंत्र उभं राहतं आहे.

यात महत्त्वाचं हे की सगळा प्रश्न नाक्यापलीकडे गेला नाही. आइनस्टाईन यांच्या मनातलं जग शक्य नाही, एवढं प्रयोगाने ठरलं. मग कसलं जग आहे? अनेक विश्वांचं, मोजण्याआधीच्या गुणधर्मांबद्दल बोलूच नये म्हणणाऱ्या बोर यांचं, की कणांना ठरलेले मार्ग असतात म्हणणाऱ्या बोम यांचं? निदान आज करता येणाऱ्या प्रयोगांपुरती या सगळ्यांची भाकितं एकच येतात, म्हणून प्रयोग गप्प आहे. त्या जागी कुणी ‘पुंजयांत्रिकीने अद्वैत सिद्ध केलं’ असं म्हटलं, तर अद्वैताला काहीच मिळत नाही आणि पुंजयांत्रिकीची भाकितं तीच राहतात. शंकराचार्यांना फोटॉनची साक्ष लागत नव्हती.

आणि मुळात विज्ञान स्वतः कशावर उभं आहे? धूर तिथे अग्नी, हे तुम्ही किती वेळा पाहिलंत, असं चार्वाकांनी अनुमानावर विसंबणाऱ्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, विचारलं होतं. पाहिलेल्या शंभर स्वयंपाकघरांवरून न पाहिलेल्या सगळ्या डोंगरांबद्दल कसं बोलता? युरोपात ह्यूम या तत्त्वज्ञाने हाच काटा अठराव्या शतकात टोचला. यावर उत्तर म्हणून एकशे एकावं स्वयंपाकघर दाखवून चालत नाही. उद्याचा निसर्ग आजच्यासारखा वागेल, हे कुठलीही प्रयोगशाळा सिद्ध करत नाही. ते धरूनच तिचं कुलूप उघडतं. आपल्याकडे अकरावीला शाखा निवडली की विज्ञानाचा विद्यार्थी हा प्रश्न एकदाही कानावर न पडता एमएस्सी होऊन बाहेर पडू शकतो, आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी प्रमाणांचे प्रकार पाठ करतो पण एखाद्या मोजमापात चूक किती धरायची हे त्याला कुणी विचारत नाही. मग पहिला व्हॉट्सॲपवरच्या ‘वैज्ञानिक कारणां’पुढे निरुत्तर होतो आणि दुसरा ती कारणं पुढे पाठवतो. माझं एवढंच मागणं आहे की बीएस्सीच्या वर्गात पॅरिसची ती बैठक शिकवावी आणि बीएच्या वर्गात कुंडल्यांची ती चाचणी प्रत्यक्ष करून घ्यावी, नाण्यासकट.

मार्च १९५५ मध्ये आइनस्टाईन यांचा तरुणपणापासूनचा मित्र मिकेले बेसो वारला. त्याच्या घरच्यांना त्यांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं. बेसो या विचित्र जगातून माझ्या थोडा आधी गेला, पण त्याला काही अर्थ नाही. आम्हा श्रद्धावान भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखी भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला भेद हा एक भ्रम आहे, चिवट असला तरी, अशा आशयाचं ते वाक्य आहे. महिन्याभराने ते स्वतःही गेले. पॅरिसमध्ये ‘तत्त्वज्ञांचा काळ नाही’ असं सांगून मोकळा झालेला माणूस इथे मित्राच्या घरच्यांसमोर ‘श्रद्धावान’ हा शब्द आपल्या नावापुढे लावतो. ते पत्र आता फोनवरून फोनवर फिरतं, सकाळच्या सूर्योदयाच्या चित्रावर, ‘विज्ञान सांगतं, काळ हा भ्रम आहे’ अशा रूपात. तो एक शब्द वाटेत कुठेतरी गळून पडलेला असतो.